अंजूची डावी किडनी

दिग्रस आगाराच्या गाडीवर अंजू चव्हाण कंडक्टर असली की ड्रायव्हर नागोराव आरशात बघायचासुद्धा नाही. मागे काय चाललंय ते त्याला नुसतं ऐकून कळायचं. कुणी खिडकीपाशी खर्रा थुंकलं, कुणी बोचकं मधल्या वाटेत आडवं टाकलं, कुणी दुसऱ्याच्या जागेवर रुमाल टाकून हक्क सांगितला, की अंजूचा आवाज चढायचा आणि भरली गाडी शाळेतल्या पोरांसारखी गप्प व्हायची. आवाजानं भागलं नाही तर तिच्या खाकी शर्टाच्या खिशात शिट्टी होती. ती फुंकली की रस्त्यावरची म्हैससुद्धा थबकते, असं नागोराव डेपोत सांगायचा. हे तो कौतुकानं सांगतो की धसक्यानं, ते डेपोत कुणाला ठरवता आलं नाही.

बाई तापट, हे पुसदपासून यवतमाळपर्यंत सगळ्यांना माहीत. कशामुळे तापट, हे मात्र कुणी विचारलं नाही. आणि विचारलं नाही, हेच तर तिच्या रागाचं मूळ होतं.

चार वर्षांपूर्वी तिनं आपली डावी किडनी धाकट्या भावाला दिली. भाऊ लखन राठोड, दिग्रसच्या बसस्टँडमागे मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, अबोल, मान खाली घालून बारीक स्क्रू काढण्यात जन्म गेलेला. ऐन पंचविशीत त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हा माहेरच्या तांड्यात नसाब भरली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. सोयरीक असो, वाटणी असो की नवी बोअर कुठे मारायची हा प्रश्न असो, सगळं आधी तिथं बोललं जातं. तांड्याचा प्रमुख, नायक रामलाल राठोड, मधोमध बसला, भोवती जाणती माणसं बसली. वडील वारलेले, आई लालीबाईला साखरेचा आजार, तेव्हा उरली कोण? अंजू. तिचा रक्तगट जुळतो हे कुणालातरी आठवलं आणि ठरून गेलं. ठरलं तेव्हा अंजू पुसदच्या फेरीवर तिकिटं काढत होती.

संध्याकाळी लालीबाई अंजूच्या सासरच्या दारात येऊन बसली आणि पदर तोंडावर ओढून ढावलो गात रडू लागली. ढावलो म्हणजे बंजाऱ्याची लेक सासरी निघताना भावाच्या गळ्यात पडून जे गाते ते रडगाणं. म्हाताऱ्या आईनं लेकीच्या उंबऱ्यावर ढावलो गायल्यावर लेक काय बोलणार? नायकानं अंजूच्या नवऱ्याला, राजकुमारला, रीतसर बाजूला घेऊन विचारलं. नवऱ्याला विचारलं! किडनी जणू त्याच्या खिशात होती. नागपूरच्या दवाखान्यात कमिटीनं अंजूला विचारलं खरं, स्वखुशीनं देता का म्हणून, पण ती परकी माणसं होती आणि कायद्यानं विचारत होती. घरच्यांपैकी एकानंही ‘अंजू, देशील का?’ असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिनं तोंडातला घास तसाच ठेवून हो म्हटलं असतं. भाऊ होता तो तिचा. पण हो म्हणायची संधीच तिला मिळाली नाही, आणि हे तिच्या मनात जे जाऊन बसलं ते बसलंच.

ऑपरेशननंतर तांड्यानं तिची ओवाळणी केली, शाल दिली, नारळ दिला. ‘देवी आहे, देवी!’ म्हणत बायका पाया पडल्या. आजही त्या गाडीत चढल्या की आधी तिच्या पायाला हात लावतात आणि मग अर्धं तिकीट मागतात. अंजू पाय मागे ओढते आणि खेकसते. देवीला कुणी काही विचारत नाही, तिच्यापुढे नुसता नारळ फोडतात, हे तिला पुरतं कळलं होतं.

यंदा लखनच्या पायावर सूज दिसायला लागली. तपासणी झाली, नागपूरला किडनीचा बारीक तुकडा काढून बघितला, आणि डॉक्टर केतकीबाईंनी दोघा बहीणभावाला समोर बसवलं. केतकीबाई मूळच्या यवतमाळच्या, साधं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “शरीरानं ही किडनी परकी म्हणून ओळखली आहे. लखनच्या रक्तात तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्यात. त्या किडनीतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला करतात. आतल्या अस्तराला सूज येते, भिंती जाड होतात, रक्ताला वाट उरत नाही.”

“मंग औषध द्या ना,” अंजू म्हणाली.

“आहे त्या औषधांचा याच्यावर भरवसा देता येत नाही. एक नवीन इंजेक्शन आहे, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींनाच गाठणारं. पण ते अजून तपासणीत आहे. त्यात भाग घेणाऱ्या अर्ध्या लोकांना ते मिळेल आणि अर्ध्यांना नुसतं सलाईन. नेहमीच्या गोळ्या सगळ्यांच्याच चालू राहतील.”

“अर्ध्यायले पाणी?”

“हो. आणि कुणाला काय मिळालं, हे मलासुद्धा कळणार नाही.”

“मंग तुमाले कळते तरी काय?” अंजू उसळली.

केतकीबाईंना राग आला नसावा. “नाही कळत, म्हणूनच तर हे करतोय,” त्या म्हणाल्या. अंजूला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. अर्धं तिकीट तिला माहीत होतं, पण अर्धं तिकीट काढणारी बाईसुद्धा पुसदला पूर्ण पोचते. इथं गाडीत सगळ्यांना बसवायचं आणि अर्ध्यांची गाडी जागची हलणारच नाही, हा कुठला न्याय? तिनं हे बोलूनही दाखवलं. केतकीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लखनकडे वळून विचारलं, “गोळ्या कधी चुकल्या? झाडपाल्याचं काही, काढा, चूर्ण?”

“नाई,” लखन म्हणाला आणि फरशीकडे बघू लागला.

बिनतिकीट माणूस अंजू चेहऱ्यावरून ओळखते. दवाखान्याच्या पायरीवर येताच तिनं भावाचा दंड धरला. “काय पेला तू? खरं सांग.”

“गुळवेलीचा काढा,” लखन म्हणाला. “निंबावरची. रोज सकाळी.”

“काहून?”

“नसाबीत ठरलं.”

मग एकेक बाहेर आलं. कोरोनाच्या दिवसांत तांड्यानं गुळवेलीचा काढा प्यायला होता आणि तांड्यात कुणी दगावलं नव्हतं, तेव्हापासून नायकाचा त्या वेलीवर फार विश्वास. मागच्या वर्षी लखन जरा उतरलेला दिसला म्हणून नसाब बसली. ठरलं की पोराची ताकद वाढवायला हवी. त्याला एकट्याला प्यायला वाईट वाटेल म्हणून अख्ख्या तांड्यानं सकाळी काढा प्यायचा, आणि लखन नाजूक म्हणून त्याला दुप्पट. प्रेम काय कमी होतं? प्रेम तर उतू जात होतं. दवाखान्यानं दिलेल्या कागदावर ठळक लिहिलेलं होतं की असलं काही घ्यायचं नाही, त्यानं शरीर नव्या किडनीवर उलटतं. लखननं ते वाचलेलं होतं. “पण नायकाचा शब्द कसा मोडू, बाई?” तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो बाईच म्हणायचा.

अंजू भर रस्त्यात त्याला इतकं बोलली की रिक्षावाले थांबून बघायला लागले. तिच्या पोटातलं काढून याच्या पोटात ठेवलं, ते जपायचं सोडून हा त्याच्यावर रोज सकाळी फौज सोडत होता, तेही नायकाचा मान राखायला! सगळा राग निघाला, पण कमी झाला नाही. ती तशीच पहिल्या गाडीनं निघाली आणि सुट्टी टाकून रविवारी माहेरच्या तांड्यावर जाऊन थडकली.

नसाब भरलेलीच होती. पुरुष चटईवर, बायका मागे ओट्याला टेकून. लग्न होऊन गेलेली लेक दुसऱ्या तांड्याची, तिला तिथं बोलायचा हक्क नाही. ती चहा पिते, लेकरांची चौकशी करते आणि जाते. अंजू बायकांच्या मागे उभी राहिली. लालीबाईनं तिला बघून डोळे पुसायला सुरुवात केली, तशी अंजू म्हणाली, “याडी, रडू नको. आधी ऐकून घेऊ दे.”

रामलाल नायकानं खाकरून बोलायला सुरुवात केली. माणूस वाईट नव्हता. तांड्यातल्या दोन पोरी नर्सिंगला पाठवल्या त्या त्यानंच. पण निर्णय घ्यायची त्याला इतकी सवय होती की कुणाची सर्दीसुद्धा त्याला विचारून जायची.

“म्या सगळ्या बाजूनं विचार केला,” तो म्हणाला. “लखनले त्या नव्या इंजेक्शनात टाकाचं. पण काढ्याचं डॉक्टरनीले सांगाचं नाई, सांगतलं तं घेणार नाईत. आन् काढा बंदबी कराचा नाई.”

“काहून?” चटईवरून कुणीतरी विचारलं.

“अर्ध्यायले पाणी देऊन राह्यले ना थे. आपल्या पोराच्या नशिबी पाणीच आलं तं? मंग काढा तरी कामाले येईन.”

चटईवरच्या माना डोलल्या. काय बिनतोड हिशेब! ओट्याला टेकलेल्या बायकांनाही पटला. अंजूनं बोलायला तोंड उघडलं, पण पुरुषांचं बोलणं सुरू झालं होतं, लखनबरोबर नागपूरला कोण जाणार, गाडी कुणाची न्यायची. ती एकदा “काका!” म्हणाली. पुन्हा म्हणाली. कुणी मागे बघितलं नाही. तेव्हा तिनं पर्समधून शिट्टी काढली आणि फुंकली.

तांड्यातली सगळी कुत्री एकदम भुंकली. एक म्हातारा चटईवर आडवा झाला. कोंबड्या ओट्यामागे पळाल्या. त्यानंतर जी शांतता झाली तसली शांतता त्या नसाबीनं कधी पाहिली नसेल.

“अंजू,” रामलाल नायक सावरत म्हणाला, “तू लेक आहे. पाहुणी आहे. नसाबीत असं...”

“पाहुणी?” अंजू पुढे आली, चटईच्या काठावर. “पाहुणीचं पोट फाडलं तवा नाई वाटलं पाहुणी? माही किडनी घेतली तवा कोण विचारलं मले? राजकुमारले विचारलं! आता तिच्यावर काढा ओतून राह्यले, तवा कोण विचारलं? ज्याले पाहावं थो माह्या पाया पडते. पाया पडू नका माह्या. मले विचारा!”

लालीबाईसुद्धा रडायची थांबली.

रामलाल नायकानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “बरं,” तो म्हणाला. “विचारतो. बोल, तुहं काय म्हणणं आहे?”

चार वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो असा समोर आला, आणि अंजूला त्याच क्षणी तिचा भाऊ दिसला. चटईच्या टोकाला, गुडघ्यात मान घालून. नायक बोलत होता तेव्हा तो मान डोलावत होता आणि ती बोलत होती तेव्हाही मान डोलावत होता. त्याच्या पोटातल्या किडनीवर इतका गोंधळ चाललाय आणि हा मोबाईलचं मागचं झाकण उघडून बसल्यासारखा बसलाय. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

“मले नका विचारू,” ती म्हणाली. “त्याले विचारा.”

सगळे लखनकडे वळले. तो चटईची काडी मोडत बसला. अंजू त्याच्यावर ओरडली, “बोल ना बे! तुहा जीव आहे!”

“मले नव्हती पायजे,” लखन म्हणाला.

“काय?”

“किडनी. तुही किडनी मले नव्हती पायजे.” त्यानं मान वर केली. त्याचा चेहरा लाल झाला होता. “बहिणीले द्याचं असते. म्या दिवाळीले तुले साडी घेऊन येतो आन् तुह्याच पोटातलं घेऊन हिंडतो. चार वर्षं झाले, तुह्या डोळ्यात पाहून बोललो नाई मी. लाज वाटते मले. कोण विचारलं मले, घेतं का म्हणून? झोपवलं, टाकली. गोळ्या देल्या, खाल्ल्या. काढा देला, पेलो. मेलो असतो तं बरं झालं असतं, पण तेबी तुमी नसाबीत ठरवलं नाई!”

लालीबाईनं तोंडावर पदर घेतला. कुणी अशी उपकाराची परतफेड करतं का? अंजूनं त्याच्या कानाखाली द्यायला हात उचललासुद्धा.

“नव्हती पायजे तं तवाच तोंड उघडाचं होतं!”

“तू उघडलं होतं का?” लखन म्हणाला.

हात वरच राहिला. मग तो तिनं खाली घेतला आणि चटईच्या काठावर, पुरुषांच्या रांगेत, मटकन बसली. तिला कुणी उठवलं नाही.

रामलाल नायक म्हणाला, “मंग आता तूच सांग, लखन.” त्याचा आवाज बारीक झाला होता.

“जातो मी त्या इंजेक्शनाले. पण काढ्याचं सांगतो. आन् आता पेत नाई.”

“आन् पाणी निंघालं तं?” लालीबाईनं विचारलं.

“निंघू दे.”

केतकीबाईंना त्यानं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेन टेबलावर आपटला. शांत बाई इतकी चिडलेली बघून अंजूला पहिल्यांदा ती आपली वाटली. “काढ्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “ते कुणीच सांगू शकणार नाही. पण शरीराच्या ज्या ताकदीला आपण गोळ्या देऊन झोपवतो, तिलाच तुम्ही रोज सकाळी उठवत होता. आता काढा पूर्ण बंद, पुन्हा तपासण्या, आणि तोवर थांबायचं. रक्तवाहिन्या तोवर आणखी खराब झाल्या तर मी तुम्हाला घेऊ शकणार नाही.”

खरं बोलल्याचं हे बक्षीस. थांबायचं! अंजूनं ते सगळे आठवडे गाडीत काढले आणि प्रवाशांनी ते भोगले. एका मास्तरला तिनं सुट्या पैशांवरून असं झापलं की तो मधल्या स्टॉपवर उतरायचा सोडून थेट यवतमाळपर्यंत गप्प बसून गेला. इकडे लालीबाईनं विळा घेऊन निंबावरची गुळवेल मुळापासून छाटली. छाटताना ती डॉक्टरणीला शिव्या देत होती आणि स्वतःलाही. तांड्यानं सकाळचा काढा बंद करून पुन्हा चहा सुरू केला, हेही नसाबीतच ठरलं.

पुन्हा तपासणी झाली. किडनी सुधारली नव्हती, पण आणखी बिघडलीही नव्हती. इंजेक्शनाच्या अटीत जेमतेम बसत होती. केतकीबाईंनी लखनला बोलावलं.

तिथं एक छोटी खोली होती आणि खोलीत कॅमेरा. भाग घेणाऱ्या माणसानं कॅमेऱ्यासमोर सांगायचं की मला सगळं समजलंय आणि मी माझ्या मर्जीनं येतोय. अंजू आत जायला निघाली तर केतकीबाईंनी दारातच अडवलं. “नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. हे त्याचं त्यालाच सांगू द्या.”

“माही किडनी आहे ती,” अंजू म्हणाली.

“माहीत आहे मला. तरी बाहेर थांबा.”

दार लागलं. अंजू बाकड्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. शेजारच्या बाईनं पाय पसरले होते, तिला ते आवरायला लावले. आतून केतकीबाईंचा संथ आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग लखनचा आवाज आला, इतका मोठा की सगळ्या बाकड्यांवरच्या माना वळल्या. “हो! समजलं मले! औषध निंघो का पाणी निंघो, मी माह्या मनानं येऊन राह्यलो! कोणाले विचारून नाई आलो!”

“आता फुटला मेल्याले आवाज,” अंजू पुटपुटली आणि खाकी बाहीनं डोळे पुसले. ड्युटीवरून थेट आली होती ती.

लखन बाहेर आला. दंडावर चिकटपट्टी होती, पहिल्या सुईची. आत काय गेलं, औषध की पाणी, हे त्याला माहीत नव्हतं, केतकीबाईंना माहीत नव्हतं, आणि ते कळायला कितीतरी महिने जाणार होते. तो तिच्या शेजारी बसला. पाय अजून सुजलेलेच होते. त्यानं चपलेकडे बघितलं, भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं, आणि मग बहिणीच्या डोळ्यांत बघितलं.

“बाई,” तो म्हणाला, “तुले एक विचाराचं आहे.”

“विचार.”

“तुही किडनी मले देतं का?”

आजूबाजूला नंबर पुकारत होते. कुणाचं तरी लेकरू रडत होतं. चार वर्षं अंजूनं या प्रश्नाचं उत्तर जिभेवर तयार ठेवलं होतं. गाडीत, स्वयंपाक करताना, अंघोळीच्या वेळी डाव्या कुशीवरचा व्रण हाताला लागला की तिनं ते मनात म्हणून बघितलं होतं. आता तिनं भावाकडे रागानं बघितलं, अगदी बिनतिकीट पकडलेल्या माणसाकडे बघते तसं.

“इतक्या दिवसानं विचारून राह्यला,” ती म्हणाली. “थांब आता. विचार करून सांगतो. तवर नीट सांभाळ तिले.”